माझ्या रक्ताचा रिपोर्ट आणि वैशाखातलं लग्न

डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला गेलेलो आणि रक्ताचा कॅन्सर घेऊन घरी आलो.

बाळकुमला आमचं घर. घर म्हणजे सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. खाली आता जिथे गाड्या उभ्या असतात तिथे आमचं भातशेत होतं आणि पलीकडे खाडीच्या अंगाला मिठागर. आम्ही आगरी. मीठ पिकवणारी माणसं. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो. मग बापाने मिठागरावर नेलं आणि मी शाळेला परत तोंड दाखवलं नाही. शाळेनेही मला कधी बोलावणं धाडलं नाही. पण कोणाच्या पुढे मान खाली घालावी लागली, असं आयुष्यात झालेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

डोळ्याच्या डॉक्टरने ऑपरेशनआधी रक्त तपासून आणायला सांगितलं. कागद बघून तो म्हणाला, "आजोबा, पांढऱ्या पेशी खूप वाढल्यात. आधी रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा, मग डोळ्याचं बघू."

"दिसत नाय डोळ्याला. त्यात रक्ताचं काय काढलंत?" मी विचारलं. मुलगा शेजारून कोपराने ढोसत होता.

रक्ताच्या डॉक्टर बाई निघाल्या. खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या अंगाला त्यांचा दवाखाना. माझ्या सुनेच्या वयाच्या असतील. मानेला, काखेत, पोटावर त्यांनी बोटं दाबून पाहिलं. ताप येतो का, घामाने अंथरूण भिजतं का, वजन उतरलंय का, सगळं विचारलं. मी म्हटलं, सकाळी खाडीपर्यंत चालत जाऊन येतो, दोन वेळा जेवतो, मासळी असली की जास्त जेवतो. त्या हसल्या. पुन्हा रक्त घेतलं आणि पुढच्या खेपेला सरळ सांगितलं, "रक्ताचा कॅन्सर आहे. पण नाव ऐकून घाबरू नका. हा प्रकार बहुतेक वयस्कर माणसांत दिसतो आणि बहुतेक वेळा सावकाश चालतो. तुम्हाला काही त्रास नाही, म्हणून आत्ता औषध द्यायचं नाही. तीन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि लक्ष ठेवायचं."

माझ्या मुलाचं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं तर त्याला जेवण जात नाही. तो म्हणाला, "मॅडम, काहीतरी द्या ना. निदान ताकदीचं."

"ताकद आहे त्यांच्यात."

"मग टेस्ट तरी. असतील तेवढ्या सगळ्या करा."

तेव्हा त्यांनी सांगितलं की पेशींच्या जनुकांची एक तपासणी असते. जनुक म्हणजे पेशीने कसं वागायचं त्याचा पेशीच्या आत असलेला हुकूम. त्या हुकमात कुठे बदल झालाय ते बघितलं की आजार पुढे कसा चालेल याचा अंदाज बांधता येतो. औषध सुरू करायची वेळ आली की ती तपासणी करावीच लागते, आत्ता केली तरी चालेल. मुलगा लगेच हो म्हणाला. रक्त पुन्हा माझंच गेलं.

आता आमच्या लोकांचं सांगतो. डॉक्टरने गोळ्या दिल्या म्हणजे माणूस आजारी. सलाईन लावलं म्हणजे जास्त आजारी. आणि डॉक्टरने काहीच दिलं नाही, घरी जा म्हणाला, तर त्याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. माझ्या बापाला असंच घरी पाठवलेलं, चुलत्यालाही. त्यामुळे "औषध नाय दिलं" एवढेच शब्द बाळकुमपासून शहाडपर्यंत पोचले आणि लोक मला बघायला यायला लागले.

शहाळी घेऊन यायचे. बेल वाजली की मी जाऊन दार उघडायचो आणि दारातला माणूस मलाच बघून गोंधळायचा. "तू उठलास कशाला रं?" म्हणून मला धरून आत आणून बसवायचा. एक चुलतभाऊ आला. बांधावरून आमचं बोलणं कधीचं बंद होतं. तो पायाशी बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "झालं गेलं विसर."

"बांध तुज्याकडंच हाय अजून," मी म्हटलं. "तो पन विसरू काय?"

तो चहा न घेता गेला. गॅलरीत शहाळ्यांचा ढीग लागला. माझी नात म्हणाली, "आजोबा, गेटवर गाडी लावूया का शहाळ्यांची? तुम्ही गल्ल्यावर बसा."

ही माझी एकुलती एक नात. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. आमच्या घराण्यात जमिनीपायी कोर्टाची पायरी सगळ्यांनी झिजवलेली. वकील बोलायचा, आम्ही मागे उभे राहायचो आणि तो दाखवेल तिथे अंगठा उठवायचो. काळा कोट घालून ती पायरी चढणारी ही पहिली. तिचं लग्न ठरलेलं. मुलगा डोंबिवलीकडच्या एका गावातला, आमच्यातलाच. लग्न वैशाखात, परीक्षा झाल्यावर. ती अट मी स्वतः घातलेली आणि मुलाकडच्यांनी मानलेली.

दिवाळीच्या तोंडावर जनुकांचा रिपोर्ट मुलाच्या मोबाइलवर आला. सगळा इंग्रजी. त्यातले दोन शब्द त्याला कळले. एका जागी म्युटेशन सापडलेलं आणि दुसऱ्या जागी काहीतरी तुकडा गळालेला. त्याने ते शब्द मोबाइलमध्येच शोधले आणि भरल्या ताटावरून उठला. डॉक्टर बाईंना फोन करायचा सोडून त्याने आत्याला फोन केला.

आत्या म्हणजे माझी बहीण. माझ्याहून मोठी, शहाडला दिलेली. मी तिला बाय म्हणतो. ती धवलारीण आहे. आमच्या लग्नात हळदीपासून बायका जे धवले गातात ते तिला सगळे तोंडपाठ, पहिला शब्द तिने उचलायचा आणि बाकीच्यांनी तिच्या मागून जायचं. आमच्याकडे भटजी उशिरा आला तर लोक गप्पा मारत बसतात. धवलारीण आली नाही तर हळदीला कोणी हात लावत नाही. त्यामुळे लग्नाच्या गोष्टीत बायचा शब्द चालतो, आणि तो चालवून घ्यायची तिला सवय आहे.

दुसऱ्याच दिवशी ती आली. मी समोर बसलेलो असताना माझ्या मुलाशी बोलली. "मार्गशीर्षात उरकून घे. घरातला मोठा मानूस गेला तं वरीसभर घरात हलद लागत नाय. पोराकडचे वरीसभर थांबतील, याची कोनी खात्री दिलीय?"

"मी हितंच बसलोय, बाय," मी म्हटलं.

"बस ना. तुला कोनी उठवलाय?"

मुलगा मान हलवत होता. त्याने डोळ्याच्या दवाखान्यात फोन करून माझं पुढे ढकललेलं ऑपरेशनही रद्द केलेलं. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "बाबा, आता कशाला उगाच तुम्हाला त्रास?" त्या 'आता कशाला'चा मला जेवढा राग आला तेवढा कॅन्सरचाही आला नव्हता. जिवंत माणसाचा डोळा हे लोक परस्पर मिटवून मोकळे झाले.

नातीला विचारलं तर ती म्हणाली, "चालेल मला. परीक्षा काय, नंतर पण देता येते." पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. सून कोलंबी सोलत बसलेली. ती फार बोलणारी नाही. त्या दिवशी आपणहून बोलली.

"बाबा, माझ्या लग्नाची घाई का झालेली, तुम्हाला माहीत आहे का?"

"तुज्या आजोबांचं काहीतरी होतं."

"त्यांना डॉक्टरांनी घरी पाठवलेलं. त्यांनी डोळे मिटायच्या आत नातीचं लग्न बघावं, म्हणून उरकलं. माझं डी.एड.चं दुसरं वर्ष चालू होतं."

"मंग?"

"मग काय. इथे आले. आजोबा माझ्या बाळंतपणालाही होते. बारशाचे पेढे त्यांनीच वाटले."

"आनि डी.एड.?"

"राहिलं."

एवढं बोलून तिने पुढची कोलंबी उचलली. ती तक्रार करत नव्हती. तक्रार केली असती तर मी भांडलो असतो, मला ते जमतं. हे असं सरळ सांगितल्यावर काय करायचं ते मला कळेना. पाणी न पिताच बाहेर आलो आणि नातीला म्हटलं, चप्पल घाल, खोपटला जायचंय. मुलाला नेलं नाही. त्याला नेलं असतं तर त्याने पुन्हा काहीतरी मागितलं असतं.

डॉक्टर बाईंनी नातीच्या मोबाइलवर रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "अरे वा."

मी नातीकडे बघितलं. नात माझ्याकडे.

"यात चांगलं काय हाय?" मी विचारलं. "म्युटेशन सापडलंय ना?"

"म्युटेशन म्हणजे बदल. तो कुठे झालाय, त्यावर सगळं अवलंबून. आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या तयार होताना शिकतात, आणि शिकताना त्यांच्या एका जनुकात बदल होतो. तो बदल म्हणजे त्या शिकल्याची खूण. तुमचा आजार अशा शिकलेल्या पेशींमधून सुरू झालाय. असे आजार बहुधा सावकाश चालतात. ज्यांच्यात ती खूण नसते, ते जास्त घाई करतात."

नात म्हणाली, "म्हणजे आजोबा, तुमच्या पेशी पण शिकल्या. तुम्हीच तेवढे राहिलात."

डॉक्टर बाई तोंडावर हात धरून हसल्या. मी हसू दिलं त्यांना. मग विचारलं, "आनि तो तुकडा गळालाय तो?"

"गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गेलाय. तो एकटाच गेला असेल तर तेही चांगल्यात मोडतं, आणि तुमचा एकटाच आहे. आम्हाला भीती असते ती वेगळ्या बदलाची. पेशीला लगाम घालणारं एक जनुक असतं, तेच बिघडलं की आजार लवकर उसळतो आणि औषधांनाही नीट दाद देत नाही. ते तुमचं शाबूत आहे."

"हे माज्याकडून पोरीत जाईल काय?"

"हे बदल जन्माचे नाहीत. त्या पेशींमध्ये नंतर झालेत. ते तुमच्याबरोबरच राहणार."

"राहू देत," मी म्हटलं. त्यांना सांभाळायला माझी ना नव्हती.

मग मला सगळं कळल्यासारखं वाटलं आणि मी त्यांना मिठागराचं सांगायला लागलो. वाफ्यात खाडीचं पाणी घेतलं की जुना माणूस काठावर उभा राहून पाण्याचा रंग बघतो, वर साय कशी धरतेय ते बघतो आणि सांगतो, हा वाफा लवकर मीठ धरेल, हा सावकाश. तसंच हे. मी सावकाश धरणारा वाफा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "थोडंफार तसं. पण तुम्हाला अख्खा वाफा दिसायचा. आम्ही दोन-चार जागा बघून सांगतो. असे रिपोर्ट असलेली पुष्कळ माणसं वर्षानुवर्षं औषधाशिवाय राहतात. पुष्कळ म्हणजे सगळी नाहीत. तुमचं नेमकं काय होईल ते कागदावर नसतं, म्हणून तर तीन महिन्यांनी बोलावते."

माझ्या वाफ्यात त्यांनी असा पाय घातला ते मला आवडलं नाही. पण त्या म्हणत होत्या ते खरं होतं. अवकाळी पाऊस आला की काठावरच्या म्हाताऱ्याचा सगळा हिशेब वाहून जायचा, हे मीच डोळ्यांनी पाहिलंय.

"एकच सांगा," मी म्हटलं. "वैशाखापर्यंत मी हाय काय?"

नात लगेच म्हणाली, "आजोबा, असं काय विचारता?" मी तिला हाताने गप्प केलं आणि डॉक्टर बाईंना लग्नाचं सगळं सांगितलं. परीक्षा, मार्गशीर्ष, बायचा शब्द, रद्द झालेला डोळा.

त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. "या आजाराच्या भीतीने लग्नाची तारीख हलवू नका. वैशाखाची हमी मला कोणाचीच देता येत नाही, माझी स्वतःचीही नाही. पण तुमच्या वयाच्या माणसाने बी.पी.ची काळजी करावी आणि घोडबंदरचा रस्ता ओलांडताना करावी. ताप आला तर मात्र घरी अंगावर काढायचा नाही, त्याच दिवशी यायचं. आणि डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या. ते कोणी रद्द केलं?"

"हाय एक हार्डवेअरवाला," मी म्हटलं.

येताना रिक्षात नात माझा हात धरून बसली. मी म्हटलं, "परीक्षा नंतर देता येते, हे तुला कोनी शिकवलं?" ती म्हणाली, "आईने नाही शिकवलं." मग मला कळलं की डी.एड.ची गोष्ट तिलाही माहीत होती, आणि तरी ती हो म्हणालेली. माझ्यासाठी.

रविवारी मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. बायला शहाडहून आणायला मुलाला पाठवलं. ताटं वाढून झाली, तेव्हा मी बोललो.

"लगीन वैशाखात. ठरलंय तेव्हाच."

मुलगा म्हणाला, "बाबा, पण रिपोर्ट..."

"रिपोर्ट चांगला हाय. तुला वाचता आला नाय, मला ऐकता आला."

नातीने त्याला सगळं समजावून सांगितलं. शिकलेल्या पेशी, शाबूत असलेला लगाम, सगळं. त्याने दोनदा विचारून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसला आणि त्याने तेव्हा कुठे भातावर कालवण घेतलं. बाय मात्र हात न धुता तशीच बसलेली.

"चांगला म्हंजे काय?" ती म्हणाली. "लिवून दिलंय काय तुला?"

"नाय. लिवून कोनीच देत नाय."

"मंग? आनि तू मेलास तं?"

सून वाढता वाढता थांबली. मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो.

"मेलो तं तेरावं झाल्यावर मांडव घाला. वरीस थांबायचं नाय. माजं सुतक मी माज्या तोंडाने सोडलंय. हे सगले ऐकतायत. पोराकडच्यांना पन मीच जाऊन सांगनार."

"असं कोन बोलतं काय? आजवर कोनी केलाय असा?"

"मी बोललो. कोनी केला नसंल तं मी केला."

"आनि तुज्या सुतकात धवला कोन गाईल?"

"तू."

बाय माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ताट सरकवून उठणार. लहानपणी मिठागरावर ती असंच करायची. राग आला की डोक्यावरची मिठाची पाटी तिथेच टाकून घरी निघायची आणि तिच्या वाटची मला उचलावी लागायची.

पण ती म्हणाली, "मना सांगतोय, गा म्हनून. अरं, मी तुज्याहून मोठी. तुजं रक्त तरी बघितलं. माजं रक्त कोनी बघितलंय? वैशाखापर्यंत माजी काय खात्री हाय, ती कुठल्या डॉक्टरनीला विचारलीस?"

इतके दिवस सगळे माझ्याकडे बघत होते, माझ्या मरणाचा हिशेब मांडत होते, आणि ज्या बाईशिवाय हळद लागत नाही तिच्याबद्दल कोणाच्या मनात शंकाही आली नव्हती. नात आधी हसली, मग तिचे डोळे भरले.

बायने हात धुतला. ताट पुढे ओढलं.

"कालवन वाढ," ती सुनेला म्हणाली. दोन घास खाल्ल्यावर मान वर न करता म्हणाली, "वैशाखात ऊन लय असतं. मांडवात पंखे लावा. बायकांना घाम सुटला का सूर जातो."

तिच्या तोंडून याहून जास्त हो मी कधी ऐकलेला नाही.

डोळा मी त्याच आठवड्यात करून घेतला. थंडी सरताना रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या. मुलाचा चेहरा पुन्हा पडला. डॉक्टर बाईंनी मान, काखा, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, इतकं चढतंच, तीन महिन्यांनी या. मी म्हटलं, लग्न झालं की येतो, पत्रिका पाठवतो. नातीने परीक्षा दिली. शेवटच्या पेपरला मीच तिला सोडायला गेलो आणि गेटबाहेर पोलिसासारखा उभा राहिलो. तिची आई डबा घेऊन आली, तीही माझ्या शेजारी उभी राहिली.

हळदीच्या दिवशी दुपारीच बायका जमल्या. मांडवात पंखे लावलेले. बाय मध्ये पाटावर बसली आणि तिने पहिला शब्द उचलला. मी समोर खुर्चीत होतो. नव्या डोळ्याने सगळं स्वच्छ दिसत होतं, हळद इतकी पिवळी मला पूर्वी कधी दिसली नव्हती. मध्येच बायचा आवाज चिरला. मागच्या बायकांनी तिच्यासाठी शब्द उचलून धरला, तशी तिने त्यांच्याकडे रागाने बघितलं आणि शब्द परत आपल्याकडे ओढून घेतला. तिच्या मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. गेली दोन-तीन वर्षं मला ती धूसरच दिसत होती.

धवला संपल्यावर मी जवळ गेलो. म्हटलं, "बाय, तू वालून गेलीस."

"डोला नीट झाला तुजा?"

"झाला."

"मंग मना काय बघतोस? पोरीकडं बघ."

मी पोरीकडे बघितलं. तिच्या आईने तेव्हाच तिच्या गालाला पहिली हळद लावली होती.